मांडी घालून कीबोर्ड वाजवणाऱ्यासाठी हाताच्या इशाऱ्यावर चालणारा सस्टेन स्विच, घरीच बनवून राह्यलो, सल्ला पाहिजे

खंजिरी_ताल (यवतमाळ जिल्हा)
नमस्कार मंडळी. आमच्या गावात रोज संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते अन् एकादशीले भजन, मी तिथं कीबोर्ड वाजवतो. आमच्या इकडं सगळे त्याले कॅसिओच म्हणतात, कंपनी कोणती का असेना. अडचण अशी आहे का आम्ही सगळे सतरंजीवर मांडी घालून बसतो, कीबोर्ड समोर चौरंगावर. आता सस्टेनचा पेडल, म्हणजे पट्टी सोडली तरी सूर लांबत ठेवते तो, दाबाचा कशानं? मांडीखाली ठेवून पाह्यला, गुडघ्यानं दाबून पाह्यला, पाय मुंग्या येऊन बधिर होते अन् पेडल सतरंजीवरून सरकत सरकत तबलेवाल्याजवळ जाते. पॅनलवर सस्टेनचं बटन आहे पण ते चालू केलं का कायमच चालू, मग संतूरच्या टोनवर एका ओळीचे सूर दुसऱ्या ओळीत घुसतात, कोमल अन् शुद्ध दोन्ही गंधार एकाच वेळी वाजून राह्यले असं वाटते. ऐकवत नाही.
मग मनात आलं का आपण सगळे आधी पेटी शिकलेले, डावा हात भात्यावर अन् उजवा पट्ट्यांवर. कीबोर्ड घेतला तरी भजनात माझा डावा हात निम्मा वेळ रिकामाच राहते, नुसता हवेत हलते. त्याच हाताखाली सेंसर ठेवला, हात खाली आला का सस्टेन लागला, वर गेला का सुटला, असं होऊ शकते का?
आतापर्यंत केलं ते असं: आयआरचा, म्हणजे न दिसणाऱ्या इन्फ्रारेड उजेडाचा, अडथळा ओळखणारा मोड्यूल घेतला, त्याच्यावर निळा पोटेन्शिओमीटर असते तो, त्याले पाच व्होल्टचा रिले मोड्यूल (विजेनं जुळणारा-सुटणारा स्विच) जोडला अन् रिलेचे दोन वायर पेडलच्या जॅकमध्ये जाणाऱ्या पी ३८ मोनो पिनले. चालते! पण रिलेचा टक टक आवाज प्रार्थनेत माइकमध्ये येते, अन् काकडा संपता संपता ऊन सभामंडपात शिरलं का हात नसतानाही आपोआप लागते. काय करू?

सोल्डरचा_धूर (वर्धा)
भाऊ, डावा हात भात्यावरचा, ही गोष्ट मनाला भिडली. पेटीवाल्यांनी कीबोर्ड घेतला की तो हात बेकार होतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.
आधी जॅकचं समजून घेऊ म्हणजे पुढचं सोपं जाईल. सस्टेन पेडल म्हणजे आत काही नाही, नुसता स्विच. पिनचं टोक म्हणजे टिप आणि मागचा दांडा म्हणजे स्लीव्ह, हे एकमेकांना टेकतात किंवा सुटतात, एवढंच. काही कंपन्यांचे पेडल दाबल्यावर जोडतात, काहींचे दाबल्यावर तोडतात, आणि बऱ्याच कीबोर्डना ते चालू होतानाच कळतं, म्हणजे चालू करताना जी स्थिती असेल तीच मोकळी स्थिती असं धरून चालतात. म्हणून चालू करताना सेंसरवर हात नको, नाहीतर उलटं वागेल, हात ठेवला की सुटेल आणि काढला की लागेल. तसं झालं तर घाबरायचं नाही, बंद करून परत चालू करायचं.
दुसरं, कोणीही या जॅकमध्ये बाहेरून व्होल्टेज देऊ नका. टिप-स्लीव्ह शॉर्ट केलं तर काही होत नाही, पेडल तेच करतो, पण पाच व्होल्ट थेट घातले तर आतलं सर्किट जाऊ शकतं. रिले वापरलात ते त्या दृष्टीने बरोबरच आहे कारण दोन्ही बाजू वेगळ्या राहतात. आवाज नको असेल तर रिलेच्या जागी ऑप्टोकपलर टाका, पीसी ८१७, चार पायांचा, अगदी स्वस्तातला. त्याच्या आत एक एलईडी आणि समोर फोटोट्रान्झिस्टर, मध्ये फक्त उजेड, वायर नाही. एक नंबरचा पाय ४७० ओहमच्या रेझिस्टरमधून पाच व्होल्टला, दोन नंबर मोड्यूलच्या सिग्नलला, चार नंबर टिपला आणि तीन नंबर स्लीव्हला. पाच व्होल्टमधून एलईडीचे साधारण १.२ गेले, राहिले ३.८, भागिले ४७०, म्हणजे आठ मिलिअँपिअर, भरपूर झाले. आवाज शून्य आणि घासून खराब होणारे कॉन्टॅक्टही नाहीत.

खंजिरी_ताल
धन्यवाद दादा, लय कामाचं सांगितलं. उलटं वागाचं कारण आत्ता समजलं, दोनदा झालं होतं अन् मी वायर बदलत बसलो होतो. पीसी ८१७ आमच्या इथल्या टीव्ही रिपेअरवाल्याजवळ मिळाला, जुन्या चार्जरच्या बोर्डावरून काढून देला त्यानं.

वडसा_ऑर्गन (गडचिरोली जिल्हा)
मी झाडीपट्टीत नाटकाला ऑर्गन आणि कीबोर्ड वाजवतो, दिवाळीनंतर धान निघाला की सीझन सुरू, मग रात्र रात्र बसणं आलं. आयआरचं माझ्याकडून ऐका. मी दोन वर्षांआधी असाच केला होता, सस्टेनला नाही, रिदम चालू-बंद करायला. काही कीबोर्डमध्ये पेडलच्या जॅकला काय काम द्यायचं ते सेटिंगमधून बदलता येते, सस्टेनच्या जागी रिदमचा स्टार्ट-स्टॉप लावता येते, मॅन्युअलमध्ये पाहा. नाटकात प्रवेश संपला, पात्र बाहेर निघालं की त्याच क्षणी ताल सुरू व्हायला पाहिजे, बटन शोधत बसलं तर प्रेक्षक ओरडून राहिले असतात.
तर स्टेजच्या हॅलोजनखाली आयआर काहीच्या काही करते. हे स्वस्तातले मोड्यूल आपला उजेड आणि बाहेरचा उजेड यात फरक करत नाहीत, टीव्हीच्या रिमोटसारखं त्याच्या उजेडाला ठरावीक ठोका नसतो, त्यामुळे ऊन किंवा हॅलोजन जोरात पडला की आंधळे होतात. वरून धानाच्या दिवसातले किडे. लाइटखाली एवढे येतात की सेंसरवर बसले की झालं, युद्धाचा प्रवेश चालू आणि इकडे लावणीचा ठेका सुरू. त्या रात्री वायरच उपटून टाकली मी.
नंतर अल्ट्रासॉनिक लावला, तो दोन डोळ्यांचा एचसी-एसआर०४. त्याला उजेडाशी काही घेणं-देणं नाही, चाळीस किलोहर्ट्झचा आवाज सोडते आणि परत यायला किती वेळ लागला ते मोजते. त्याला मात्र आर्डुइनो लागते, म्हणजे प्रोग्रॅम टाकता येणारा छोटा बोर्ड, त्यातला नॅनो पुरते.

पऱ्हाटीची_पोर (पुसद, डिप्लोमा)
मी यावर कॉलेजच्या प्रोजेक्टला काम केलं आहे म्हणून थोडं सविस्तर लिहिते.
वडसावाल्या काकांचं बरोबर आहे, एचसी-एसआर०४ ला उजेड चालतो, पण त्याचे दोन त्रास आहेत. एक म्हणजे तो सरळ रेषेत बघत नाही, साधारण पंधरा अंशांचा शंकू असतो, त्यामुळे शेजारच्या तबलेवाल्याचा हात किंवा मृदंग त्यात येतो. दुसरं म्हणजे शाल, स्वेटर, जाड बाही यावरून आवाज नीट परत येत नाही, आणि हात तिरका असला तर भलतीकडेच जातो. थंडीत सगळे शाल घेऊन बसतात तेव्हा हे नक्की जाणवेल. उन्हाळ्याचं मात्र टेन्शन नको. आपल्याकडे ४५ डिग्रीला आवाजाचा वेग २० डिग्रीपेक्षा साधारण सव्वाचार टक्क्यांनी वाढतो, म्हणजे पंधरा सेंटिमीटरवर जेमतेम सहा-सात मिलिमीटरचा फरक, स्विचला काही होत नाही.
माझ्या मते भजनासाठी व्हीएल५३एल०एक्स घ्यावा. नखाएवढी चिप असते, त्यात न दिसणारा इन्फ्रारेड लेझर आहे, ९४० नॅनोमीटरचा, आणि तो किती उजेड परत आला ते न बघता उजेडाला जाऊन यायला किती वेळ लागला ते मोजतो. म्हणून काळी बाही असो की पांढरा शर्ट, अंतर जवळपास तेच येतं. सरळ ऊन पडलं तर याचाही पल्ला कमी होतो पण आपल्याला पाहिजे पंधरा-वीस सेंटिमीटर, तेवढं सावलीच्या मंडपात आरामात मिळतं. नॅनोला चारच वायर: पॉवर, ग्राउंड, आणि माहितीच्या दोन वायर एसडीए-एससीएल, नॅनोवर त्या ए४ आणि ए५ ला. पोलोलू कंपनीची तयार कोडची लायब्ररी आहे, उदाहरणातला कोड जसाच्या तसा चालतो.
आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. एकच आकडा ठेवू नका, म्हणजे पंधराच्या आत आला की चालू आणि बाहेर गेला की बंद असं करू नका. हात पंधरावरच थरथरला तर स्विच फडफडत राहतो. दोन आकडे ठेवा, बाराच्या आत आला तर चालू, आणि सोळाच्या बाहेर गेला तरच बंद, मधल्या चार सेंटिमीटरमध्ये आधी जे होतं तेच राहू द्या. एवढ्या एका गोष्टीने माझा प्रोजेक्ट खेळण्यासारखा होता तो वाद्यासारखा झाला.

खंजिरी_ताल
ताई, हे बारा-सोळाचं डोक्यात एकदम बसलं. आमच्या विहिरीवरच्या टाकीच्या फ्लोट स्विचचंही असंच असते ना, खालच्या खुणेले मोटर चालू अन् वरच्या खुणेले बंद, मधात काहीच करत नाही.
एक शंका. तीन-चार वेळा मोजून मग खात्री करून चालू केलं तर अजून पक्कं होईन का?

पऱ्हाटीची_पोर
फ्लोट स्विच, अगदी तेच!
जास्त वेळा मोजलं तर उशीर होतो हो. हा सेंसर नेहमीच्या सेटिंगला एका मोजणीला साधारण ३३ मिलिसेकंद घेतो. चार मोजण्या म्हणजे एकशेतीसच्या वर, तेवढ्यात तुमचं बोट पट्टीवरून उठलेलं असतं आणि सूर तुटतो. वेगाच्या मोडमध्ये वीसवर आणता येतं, अचूकता थोडी कमी होते पण आपल्याला मिलिमीटर मोजायचे नाहीत. वीसवर आणा आणि दोन मोजण्या सारख्या आल्या की मान्य करा. अल्ट्रासॉनिकला तर दोन मोजण्यांच्या मध्ये साठ मिलिसेकंद सोडा असं त्याच्या डेटाशीटमध्येच लिहिलं आहे, नाहीतर आधीचाच प्रतिध्वनी परत ऐकू येतो.

वडसा_ऑर्गन
हे पोरगी बरोबर सांगून राहिली. रिदम चालू करायला उशीर चालते, सस्टेनला नाही चालत. हात थोडा आधी न्यायची सवय लागते पण ती सवय लागायला नको असंच यंत्र पाहिजे.

नवीन_वादक_०७ (बुलढाणा)
मी वाचलं की हात डावीकडून उजवीकडे नेला, वर-खाली नेला हे ओळखणारा पण सेंसर मिळतो, एपीडीएस ९९६०. तो का नाही लावत? मग टोनपण बदलता येतील. आणि आर्डुइनो थेट कीबोर्डच्या यूएसबीला लावला तर जॅकची भानगडच नाही ना?

सोल्डरचा_धूर
दोन्ही प्रश्न चांगले आहेत, बरेच जण इथेच अडकतात.
९९६० मध्ये चार दिशांना चार फोटोडायोड असतात, हातावरून परत आलेला उजेड आधी कोणावर पडला आणि शेवटी कोणावरून गेला यावरून तो दिशा ठरवतो. म्हणजे हात पूर्ण निघून गेल्यावरच त्याला कळतं. टोन बदलायला उत्तम, सस्टेनला उपयोगाचा नाही, तिथे हात आहे का नाही हेच आत्ताच्या आत्ता कळायला पाहिजे. आणि तो ३.३ व्होल्टचा आहे, पाच व्होल्ट देऊ नका, दहा-वीस सेंटिमीटरपेक्षा लांबचंही त्याला दिसत नाही.
यूएसबीचं असं की कीबोर्डमागचं चौकोनी यूएसबी हे कॉम्प्युटरला लावायचं असतं, आणि आर्डुइनोसुद्धा कॉम्प्युटरला लावायचीच वस्तू. दोन्ही पाहुणे, यजमान कोणीच नाही. वायर जोडली तरी बोलणार नाहीत. मध्ये ओटीजी केबल (फोनला यूएसबीच्या वस्तू जोडायची) आणि हब लावून फोन ठेवावा लागतो, किंवा यूएसबी होस्टवाला बोर्ड लागतो. शिवाय नॅनो स्वतःहून यूएसबीवर मिडी, म्हणजे वाद्यांनी एकमेकांना हुकूम द्यायची भाषा, बोलत नाही, त्याला ३२यू४ चिपचा प्रो मायक्रो बोर्ड लागतो. जुन्या कीबोर्डला पाच पिनांचं गोल मिडी इन असेल तर मात्र काम सोपं आहे, नॅनोचा टीएक्स (माहिती बाहेर पाठवायचा पाय) २२० ओहममधून पाच नंबरच्या पिनला, पाच व्होल्ट २२० ओहममधून चार नंबरला, दोन नंबर ग्राउंड, आणि वेग ३१२५० बॉड. सस्टेनचा कंट्रोल नंबर ६४. त्यात ६३ पर्यंतची किंमत म्हणजे बंद आणि ६४ पासून पुढे चालू.

खंजिरी_ताल
बारा दिवसांनी लिहून राह्यलो, मधात कापूस वेचाची घाई होती.
व्हीएल५३ नागपूरवरून मागवला, भाचा सीताबर्डीत गेला होता त्यानं आणला. नॅनो, पीसी ८१७, झिरो पीसीबीवर सगळं सोल्डर करून साबणाच्या डब्यात बसवलं, प्लॅस्टिकचा दोन झाकणांचा असते ना तो. पहिल्या दिवशी घरी दोन तास वाजवलं, काय सांगू मंडळी, डावा हात आपोआप खाली-वर होते अन् संतूरचा सूर त्याच्यासंगं लांबते-तुटते, पेटी वाजवल्यासारखं अंगात उतरते.
मग एकादशीले मंदिरात नेलं अन् दोन भानगडी झाल्या. पॉवर बँकेवर लावलं होतं, अर्ध्या मिनिटात बंद. चार्जिंग फुल. परत बटन दाबलं, परत अर्ध्या मिनिटात बंद. अन् दुसरी म्हणजे डबा कीबोर्डच्या डाव्या टोकाले आकाशाकडं तोंड करून ठेवला होता, बुक्का लावता लावता त्याच्यावर सांडला, सेंसर झाकला गेला अन् सस्टेन लागला तो लागलाच, ‘विठ्ठल विठ्ठल’च्या गजरात सगळे सूर एकमेकांत मिसळले. मी पिन उपटली अन् तसाच वाजवला.

पऱ्हाटीची_पोर
पॉवर बँकेचं हमखास होतं. नॅनो आणि सेंसर मिळून इतका कमी करंट घेतात की पॉवर बँकेला वाटतं फोन काढून घेतला, म्हणून ती स्वतःला बंद करते. पाच व्होल्टवर एक ४७ ओहमचा रेझिस्टर नुसताच ओझं म्हणून लावा, शंभर मिलिअँपिअर खाईल, पण अर्धा वॅट उष्णता होते म्हणून दोन वॅटचा घ्या आणि प्लॅस्टिकला टेकू देऊ नका. नाहीतर रिचार्जेबल सेल चार, १.२ चे, म्हणजे ४.८ व्होल्ट, नॅनोच्या पाच व्होल्टच्या पिनला, त्यात ही कटकटच नाही. मी सेलच सुचवेन, लाइट गेली तरी चालतात.
बुक्क्यासाठी डबा आडवा करा. सेंसर वर बघायला नको, तुमच्याकडे बघायला नको, कीबोर्डच्या डाव्या बाजूने बाहेर बघायला पाहिजे आणि हात त्याच्यासमोर यायला पाहिजे. काच लावून झाकायचा मोह होईल, करू नका, काचेवरूनच लेझर परत येतो आणि त्याला वाटतं हात समोरच आहे. लावायचीच असेल तर अगदी पातळ आणि सेंसरला चिकटून.

सोल्डरचा_धूर
अजून एक, कोडमध्ये असं घाला की सेंसरने सलग वीस सेकंद चालूच दाखवलं तर सस्टेन आपोआप सुटेल. भजनात कोणी वीस सेकंद हात धरून ठेवत नाही. सेंसर झाकला गेला, वायर तुटली, किडा बसला, काहीही झालं तरी गजर बिघडणार नाही.

वडसा_ऑर्गन
हे माझ्या युद्धाच्या प्रवेशाआधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

खंजिरी_ताल
मंडळी, जमलं. सेल लावले, डबा आडवा केला, वीस सेकंदाचं घातलं. काल प्रार्थनेत पूर्ण वेळ चाललं, एकदाही अडलं नाही, टक टक नाही, काही नाही.
अन् सांगाची गोष्ट म्हणजे आमचे पेटीवाले बुवा, सत्तरीच्या वर आहेत, कीबोर्डले हातच लावत नव्हते, म्हणत याच्यात श्वास नाही. काल प्रार्थना झाल्यावर त्याहिले बसवलं. त्याहिचा डावा हात पाहाचा होता, काही न सांगता भात्यासारखा मागं-पुढं, अन् प्रत्येक वेळी सेंसरसमोरून. पाच मिनिटं वाजवलं अन् मले म्हणाले, "नुसतं लांबवते-तोडते, जोर कमी-जास्त नाही होत का रे?" आता हेच करून पाहाचं आहे, पेटीच्या अन् बासरीच्या टोनवर हात जवळ आला का आवाज भरणार, लांब गेला का ओसरणार.

पऱ्हाटीची_पोर
बुवांनी नेमकं पकडलं. सेंसर तर अंतर मोजतोच आहे, तुम्ही त्यातून फक्त हो-नाही काढताय. पण सस्टेनच्या जॅकमधून जोर जाणार नाही, तिथे दोनच स्थिती. त्यासाठी मिडी लागेल, कंट्रोल नंबर ११, एक्सप्रेशन. मॅन्युअलच्या शेवटी मिडीचा तक्ता असतो, त्यात ११ समोर, ‘रेकग्नाइज्ड’ म्हणजे बाहेरून आलेलं काय काय कीबोर्ड ओळखतो त्या रकान्यात, गोल आहे का फुली ते बघा. गोल असेल तर होईल. पाच सेंटिमीटरला १२७, म्हणजे पूर्ण जोर, आणि पंचवीसला ४० असं ठेवा, शून्यावर नेऊ नका, नाहीतर हात काढला की आवाजच बंद. भाता थांबला तरी पेटी लगेच गप्प होत नाही, तेवढं हळूहळू उतरू द्या, म्हणजे प्रत्येक नवीन आकडा लगेच न पाठवता आधीच्या आकड्याकडून थोडा थोडा सरकवा.

खंजिरी_ताल
तक्ता पाह्यला. ११ समोर गोल आहे. कीबोर्डले यूएसबी आहे पण गोल मिडी नाही, म्हणजे दादाच्या म्हणण्याप्रमाणं मधात फोन ठेवा लागन. भाच्याचा जुना फोन आहे, प्रो मायक्रो अन् ओटीजी हब मागवतो.
तोपर्यंत बुवा रोज सस्टेनवालाच वाजवून राह्यले. त्याहिले क्रम ध्यानात राहत नव्हता म्हणून डब्यावर ऑइलपेंटनं मोठं लिहून देलं: आधी डबा चालू, मग कीबोर्ड, तोपर्यंत हात मांडीवर.